क्रूप: रात्रीचा भुंकणारा खोकला आणि लांबचा दवाखाना

सुरंगी | बुधवार, दुपारी 2:10

नमस्कार मंडळी. आमचं गाव देवगड तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. धाकटा पावणेदोन वर्षांचा आहे. नाक वाहत होतं, अंग थोडं कोमट होतं, पण खेळत होता, पेज पीत होता, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. परवा मध्यरात्री खोकत उठला आणि तो खोकला ऐकून घर जागं झालं. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा, कोरडा, मोठा. आवाज बसलेला. रडायला लागला की श्वास आत घेताना घशातून 'हींऽऽ' असा कर्कश आवाज यायचा. कडेवर घेऊन ओटीवर फेऱ्या मारल्या, शांत झाला की तो आवाज थांबायचा, खोकला मात्र चालूच.

उजाडल्यावर तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले क्रूप. डेक्सामेथासोन नावाचं औषध एकदाच पाजलं, तिथेच बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं. अँटिबायोटिक नाही, खोकल्याचं सिरप नाही. काल रात्री पुन्हा थोडा भुंकला, पण श्वासाचा आवाज नव्हता.

आता घरात तीन मतं आहेत. सासूबाईंना वाटतंय हा डांग्या खोकला. शेजारच्या काकी म्हणतात वाफ द्या. मोठे दीर म्हणतात एका डोसाने काय होणार, कणकवलीला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मला एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. पुन्हा रात्री सुरू झालं तर किती थांबायचं आणि कधी निघायचं? आमच्याकडून तालुक्याला रात्री पाऊण तास लागतो, पावसात जास्तच.

जांभा | बुधवार, दुपारी 3:05

ताई, आमच्या मुलीला हे दोनदा होऊन गेलंय, त्यामुळे ती रात्र कशी जाते ते माहीत आहे. सगळ्यात आधी एक करा, पुन्हा झालं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. आवाजासकट, आणि अंगातला सदरा वर करून छाती दिसेल असा. ही मुलं दवाखान्यात पोचेपर्यंत पुष्कळदा हसायला लागतात, मग डॉक्टरांना काय आणि किती सांगणार? आमचं निदान दुसऱ्या वेळी व्हिडिओ बघूनच झालं.

समुद्रमेथी | बुधवार, दुपारी 3:40

माझ्या मुलालाही दीड वर्षाचा असताना झाला होता. तिसऱ्या रात्रीनंतर ओसरला. धीर धरा.

डॉ. किनारा | बुधवार, रात्री 9:30

मी बालरोगतज्ज्ञ आहे, रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला प्रॅक्टिस करतो. सुरंगीताई, तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते अगदी बरोबर आहे. सविस्तर लिहितो, कारण ह्या आजारात पालक घाबरतात ते खोकल्याला, आणि बघायचा असतो श्वास.

क्रूप म्हणजे स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खालच्या श्वासनलिकेला विषाणूमुळे आलेली सूज. सर्वाधिक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाचा विषाणू असतो, त्यातही प्रकार 1. आरएसव्ही, फ्लूचे विषाणू, अ‍ॅडिनोव्हायरस यांच्यानेही होतो, आणि ओमिक्रॉनच्या लाटेत कोविडमुळेही पुष्कळ मुलांना झाला. साधारण सहा महिने ते तीन वर्षं हे वय, त्यात दुसऱ्या वर्षात सर्वात जास्त. सहा वर्षांनंतर क्वचितच.

मोठ्यांना त्याच विषाणूने नुसती सर्दी होते, घसा बसतो. लहानग्यांचं वेगळं का? स्वरयंत्राच्या खाली क्रिकॉइड ही कूर्चा असते. ती पूर्ण कड्यासारखी बंद आहे, त्यामुळे तिथे सूज आली की ती बाहेर पसरू शकत नाही, आतच येते. तान्ह्या मुलाची तिथली वाट 4 मिलिमीटर रुंद धरा. चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज चढली की उरले 2 मिलिमीटर. शांत श्वासात हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वाट निम्मी झाली तर अडथळा 16 पट. मूल रडायला लागलं, जोरात हवा ओढायला लागलं की हवा घुसळते आणि अडथळा आणखी वाढतो. तुमचा मुलगा कडेवर शांत झाल्यावर आवाज थांबत होता, त्याचं कारण हेच.

आता निघायचं कधी ते.

मूल शांत बसलंय, खेळतंय, आणि फक्त भुंकल्यासारखा खोकला आहे किंवा रडतानाच श्वासाचा आवाज येतोय, तर हा सौम्य क्रूप. बहुतेक मुलं याच गटात असतात. रात्र घरी काढता येते, पण कोणीतरी जागं राहून लक्ष ठेवायचं, आणि सकाळी डॉक्टरांना दाखवायचं.

मूल शांत असताना, मांडीवर झोपलेलं असतानासुद्धा श्वास आत घेताना तो आवाज येतोय, तर थांबू नका. सदरा काढून उजेडात बघा. गळ्याच्या खालची खाच, बरगड्यांमधली कातडी, छातीच्या हाडाखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातोय का? शांत असतानाचा आवाज किंवा हे ओढलं जाणं, दोन्हींपैकी एकही असेल तर निघायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की पाऊस कोसळत असो.

आणि तिसरी अवस्था सगळ्यात फसवी. मूल एकाएकी गप्प होतं, गळून जातं, डोळे मिटायला लागतं, ओठ निळसर किंवा चेहरा राखाडी दिसतो, आणि आवाज कमी झालेला असतो. घरच्यांना वाटतं बरं वाटतंय, झोपलं. आवाज कमी झाला तो हवाच कमी जातेय म्हणून. तिथे 108 आणि जवळात जवळचं सरकारी केंद्र, दुसरा विचार नाही.

सूज सहसा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जास्त असते आणि दिवसा उतरते. म्हणून काल पुन्हा भुंकला यात औषध लागू पडलं नाही असं काही नाही. भुंकणं तीन-चार रात्रींत जातं, साधा खोकला आणखी काही दिवस रेंगाळेल. मधल्या काळात थोडं थोडं पाणी, पेज, दूध देत राहा, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. चमचा घालून घसा बघायला जाऊ नका, आणि जबरदस्तीने आडवंही करू नका. ज्या स्थितीत मूल स्वतःहून बसतं तीच त्याला सोयीची असते.

काजूबी | बुधवार, रात्री 10:15

डॉक्टर, तुम्ही म्हणता बरोबर, पण डेक्सामेथासोन म्हणजे स्टिरॉईड ना? पावणेदोन वर्षांच्या मुलाला? आमच्याकडे तर स्टिरॉईड म्हटलं की लोक दवाखानाच बदलतात. आणि माझ्या बहिणीच्या मुलाला मुंबईत अशाच खोकल्याला पाच दिवस अँटिबायोटिक दिलं होतं. मग खरं काय?

डॉ. किनारा | बुधवार, रात्री 11:00

प्रश्न योग्य आहे, आणि ही भीती उगाच आलेली नाही. महिनोन् महिने स्टिरॉईड घेतल्याने होणारे त्रास लोकांनी पाहिलेले असतात. इथे डोस एकदाच, तोंडावाटे, किलोला 0.15 ते 0.6 मिलिग्रॅम. किती द्यायचा ते वजन करून डॉक्टर ठरवतात. सूज उतरायला अर्ध्या-एक तासात सुरुवात होते, काही तासांत चांगला फरक दिसतो, आणि परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. म्हणजे ज्या रात्री अवघड असतात त्या बहुतांशी झाकल्या जातात. सुरंगीताईंच्या दिरांना हेच सांगा, एका डोसाचा हिशेब हा असा आहे.

सौम्य क्रूपमध्येही देऊन उपयोग आहे का, याची कॅनडात 720 मुलांवर चाचणी झाली, 2004 साली प्रसिद्ध झाली. औषधाऐवजी नुसतं गोड पाणी दिलेल्या गटात सुमारे 15 टक्के मुलांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यावं लागलं, डेक्सामेथासोन दिलेल्यांत सुमारे 7 टक्के. मुलांची झोपही सुधारली. ज्यांचं घर दवाखान्यापासून तासाभरावर आहे त्यांना ह्या निम्म्या आकड्याचं मोल शहरातल्यापेक्षा जास्त कळेल. औषध काही रुपयांचं आहे.

फक्त एक. हे ऐकून कोणी मेडिकलमधून गोळ्या आणून घरात ठेवू नका आणि दर खोकल्याला देऊ नका. भुंकणारा प्रत्येक खोकला क्रूप नसतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

अँटिबायोटिकचं विचाराल तर क्रूप विषाणूचा आजार आहे, तिथे त्याचं काम नाही. खूप ताप, मूल आजारी दिसतंय, दिवसेंदिवस खालावतंय आणि स्टिरॉईडने, नेब्युलायझरनेही (मास्कमधून वाफाऱ्यासारखं श्वासावाटे औषध देणारं यंत्र) फरक नाही, असं असेल तर श्वासनलिकेत जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शंका घेतात. ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे, तिचे उपचार रुग्णालयात होतात. तुमच्या भाच्याला तेव्हा काय होतं ते मी इथून सांगू शकत नाही.

खोकल्याच्या सिरपचा क्रूपमध्ये काडीचा उपयोग नाही, आणि झोप आणणारी सिरपं तर धोक्याची, कारण मूल थकून गुंगतंय की औषधाने गुंगतंय हेच कळत नाही. मध्य प्रदेशात विषारी सिरपाने मुलं दगावल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा टाळावीत.

वेंगुर्ल्याची आजी | गुरुवार, सकाळी 7:20

डाक्टर, आमच्या येळार असो खोकलो इलो काय ओव्याची धुरी देत. कापूर खोबरेलात घालून छातीक चोळत. मीठ-मिरसांगो ओवाळून चुलीत टाकत, दिष्ट काढूक. ह्या सगळा आता करूचा नाय काय? रागान इचारूक नाय, माका नात आसा म्हणान इचारतंय.

डॉ. किनारा | गुरुवार, दुपारी 1:45

आजी, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं, कारण हा प्रश्न घराघरात असतो आणि दवाखान्यात कोणी बोलत नाही.

धुरी नको. ओव्याची असो, उदाची असो की चुलीची, सुजलेल्या वाटेला धूर लागला की सूज आणि खोकला दोन्ही वाढतात. दृष्ट काढताना मिरच्या जाळतात तो धूर तर मोठ्यांनाही सोसत नाही. दृष्ट काढायची तर काढा, पण मूल घरात ठेवून, मीठ-मिरची अंगणात लांब नेऊन टाका, जाळू नका. देवाला गाऱ्हाणं घाला, त्याने मुलाचं काही बिघडत नाही.

कापूर मात्र गंभीर आहे. लहान मुलाच्या नाकाला, तोंडाला लागला, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचं तेल, बाम काहीही लावू नका. नाकात तेलाचे थेंबही नकोत, ते फुप्फुसात उतरतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं चाटणही देऊ नये.

आणि तुमच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही. क्रूपमधलं मूल जितकं शांत, तितकी त्याची वाट मोकळी. आजीच्या मांडीवर टेकून बसलेलं, ओळखीचा आवाज कानावर पडणारं मूल आणि चार माणसांच्या गराड्यात घाबरून रडणारं मूल, यांच्या श्वासात फरक पडतो. आम्ही दवाखान्यातसुद्धा अशा मुलाला आईच्या मांडीवरून उचलत नाही, मास्कही आईच्या हातात देतो.

पांढरी टोपी | गुरुवार, दुपारी 4:10

मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. वर सुरंगीताईंच्या शेजारच्या काकींनी वाफ सांगितली आहे, तिथे कोणी अजून अडवलं नाही म्हणून कळकळीने लिहिते. वाफेने क्रूप कमी होतो याचा पुरावा नाही. पण उकळत्या पाण्याचं पातेलं, वर चादर आणि आत धडपडणारं दीड वर्षाचं मूल, याने काय होतं ते आम्ही वॉर्डात बघतो. मांडी, पोट, कधी चेहरा. महिना महिना ड्रेसिंग चालतं, आणि ते ड्रेसिंग करताना मूल ज्या स्वरात रडतं ते मी विसरू शकत नाही. जो आजार चार रात्रींत गेला असता त्यासाठी मुलाच्या अंगावर जन्मभराचा डाग राहतो.

कुठे भाजलंच तर नळाचं साधं गार पाणी 20 मिनिटं सोडा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको. स्वच्छ सुती फडक्याने झाकून घेऊन या.

तिसवाडी | गुरुवार, संध्याकाळी 6:30

गोव्यातून लिहितेय. थंड हवेत नेलं की बरं वाटतं असं वाचलं होतं. आपल्याकडे करता येईल का? कोणी फ्रीज उघडून समोर बसवायला सांगतात.

डॉ. किनारा | गुरुवार, रात्री 10:05

थंड हवेची गोष्ट खरी आहे. जिनिव्हात चाचणी झाली, 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. डेक्सामेथासोन दिल्यावर निम्म्या मुलांना अर्धा तास बाहेरच्या हवेत बसवलं, निम्म्यांना आत, आणि बाहेरच्यांचा त्रास लवकर कमी झाला. पण तिथली हवा 10 अंशांच्या खाली होती. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या पहाटेलाही तेवढं उतरत नाही, आणि श्रावणात तर रात्रही दमट असते. ओटीवर नेल्याने मूल शांत होत असेल तर जरूर न्या, पण त्यावर विसंबून घड्याळाकडे बघत बसू नका. फ्रीजसमोर बसवल्याचा कुठे अभ्यास झाल्याचं मला माहीत नाही, माझ्या मते त्यात वेळ घालवू नये.

होडीवाला | शुक्रवार, सकाळी 8:50

ह्या धाग्यावर एक अनुभव सांगायलाच हवा. माझ्या भाचीला, अडीच वर्षांची, शांत असताना श्वासाचा आवाज येत होता म्हणून रात्री एका खासगी दवाखान्यात नेलं. नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रेनॅलिन दिलं. पंधरा मिनिटांत आवाज गेला, पोर पाणी मागायला लागली. आम्ही सगळे आनंदलो, आणि लगेच घरी जा म्हणाले. आमचं गाव खाडीपलीकडे, रस्ता वळणावळणाचा. घर जवळ येईतो पुन्हा तोच आवाज, आधीसारखा. गाडी तशीच फिरवली. दुसरीकडे नेलं तिथे स्टिरॉईड दिलं आणि सकाळपर्यंत ठेवून घेतलं. आता ती ठीक आहे, पण ती परतीची वाट बहिणीला अजून आठवते. असं व्हायला नको होतं ना?

डॉ. किनारा | शुक्रवार, दुपारी 2:20

नको होतं. हा मुद्दा कोकणातल्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे.

नेब्युलायझरमधलं अ‍ॅड्रेनॅलिन सुजलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून 10 ते 30 मिनिटांत फरक दिसतो. पण त्याचा जोर सुमारे दोन तासच. त्यानंतर सूज होती तिथे परत येऊ शकते. म्हणून ते दिल्यावर मुलाला किमान 2 ते 4 तास नजरेखाली ठेवायचं असतं आणि सोबत स्टिरॉईड द्यायचंच असतं, म्हणजे एकाचा असर उतरेपर्यंत दुसऱ्याचा चढलेला असतो. शहरात घर दहा मिनिटांवर असलं तर चूक सावरता येते. आपल्याकडे तो दोन तासांचा काळ नेमका घाटात किंवा साकवाजवळ संपतो.

तेव्हा डॉक्टरांना न संकोचता दोन प्रश्न विचारा. स्टिरॉईड दिलंय का? घरी जायला आम्हाला इतका वेळ लागतो, तर किती वेळ इथे थांबू? ज्यांचं गाव लांब आहे त्यांनी रात्र तिथेच काढलेली बरी, व्हरांड्यात का होईना.

जांभा | शुक्रवार, दुपारी 3:15

आमच्याकडे दम्याच्या आजोबांसाठी नेब्युलायझर आहे. त्यातलं साल्ब्युटामॉल चालेल का, असं दुसऱ्या वेळी मनात आलं होतं. डॉक्टरांनी फोनवर नाही म्हटलं. ते फुप्फुसातल्या बारीक नळ्या मोकळ्या करतं आणि क्रूपची सूज वर, स्वरयंत्राखाली असते. दम्याची शिट्टी श्वास सोडताना येते, क्रूपचा आवाज श्वास घेताना, हा फरक त्यांनी तेव्हा सांगितला तो आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

दुसरं, कोविडपासून घरात ऑक्सिमीटर आहे. आकडा 97 बघून आम्ही निवांत व्हायचो. क्रूपमध्ये तो आकडा खूप उशिरा उतरतो. छाती ओढली जात असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, निघायचं.

डॉ. किनारा | शुक्रवार, दुपारी 3:50

जांभा, दोन्ही बरोबर.

समुद्रमेथी | शुक्रवार, रात्री 8:00

भुंकणारा खोकला आणि क्रूप नसलेलं असं एक मी जवळून पाहिलंय. नणंदेचा मुलगा, वर्षाचा. सर्दी नाही, ताप नाही. ओटीवर सुपारी सोलायला बसले होते, तिथे रांगत होता. एकदम ठसका, मग खोकला, मग श्वासाला आवाज. सगळे म्हणाले सर्दी उतरली. सासऱ्यांनी मात्र हट्ट धरला, याने काहीतरी गिळलंय. गोव्याला नेलं, दुर्बिणीने सुपारीचं खांड काढलं.

डॉ. किनारा | शुक्रवार, रात्री 9:40

सासऱ्यांच्या हट्टाने मूल वाचलं. क्रूपच्या आधी एक-दोन दिवस सर्दी असते. सर्दीशिवाय, खेळता-खेळता किंवा खाता-खाता एकाएकी सुरू झालं तर आधी हीच शंका घ्यायची. सुपारी, काजूगर, शेंगदाणा, चिंचोका हे सगळं आपल्या घरात जमिनीवर सांडलेलं असतं. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खा दाणा देऊ नका.

आणखी तीन आजार सांगतो. मूल पुढे वाकून, हनुवटी काढून बसलंय, लाळ गळतेय, गिळवत नाही, जोराचा ताप आहे आणि खोकला जवळपास नाहीच, तर घशावरच्या झाकणीची सूज असू शकते. ती तासाभरात जीव घेऊ शकते. घसा बघू नका, पाणी पाजू नका, बसलेल्या स्थितीतच उचलून न्या. ती मुख्यतः हिब जिवाणूने होते. दुसरा घटसर्प. घशात राखाडी पापुद्रा, मान सुजलेली. लोकांना वाटतं तो जुन्या काळातला, पण भारतात अजून रुग्ण सापडतात. तिसरा डांग्या, सुरंगीताईंच्या सासूबाईंची शंका. त्यात खोकल्याची उबळ एकापाठोपाठ येते, मूल लाल होतं, शेवटी लांब श्वास ओढतं, पुष्कळदा उलटी होते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. आवाज बसत नाही. ताईंच्या मुलाचं वर्णन त्यात बसत नाही.

हे तिन्ही लसीने टळतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीमध्ये तिन्हींचं संरक्षण आहे. मग 16 ते 24 महिन्यांत आणि पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या आणि धनुर्वाताची लस) बूस्टर. चौदा आठवड्यांनंतर कार्ड कपाटात जातं आणि बूस्टर राहतो, हे मी रोज बघतो. ताई, तुमच्या मुलाचं वय नेमकं बूस्टरचंच आहे. कार्ड बघा.

खाडीपट्ट्यातली आशा | शनिवार, सकाळी 6:45

मी आशा सेविका. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं पटलं, मी गावातल्या गोष्टी सांगते.

108 आपल्या राज्यात 2014 पासून आहे, पैसे लागत नाहीत. फोन केला की नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. आमच्या गावात बारा वाड्या, त्यातल्या तिघींची नावं शेजारच्या गावातही आहेत. तालुका, गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, आणि एका माणसाला बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर मूल उचलून रस्त्याला आणून ठेवा. रेंज घरात नसते, कुठल्या दगडावर मिळते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहीत असू द्या.

आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र रात्री कोण बघतं, त्यांच्याकडे नेब्युलायझर आणि डेक्सामेथासोन आहे का, हे दिवसाउजेडी जाऊन विचारून ठेवा. लहान मूल घरात असेल तर फोन नंबर भिंतीवर लिहा. मोठं रुग्णालय दीड तासावर असेल तर आधी केंद्रात औषधाचा डोस घेऊन पुढे जाणं बरं, असं आमचे मेडिकल ऑफिसर सांगतात. वाटेतच औषधाचं काम सुरू होतं.

काजूबी | शनिवार, सकाळी 9:30

आशाताई, हे आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकते.

सुरंगी | शनिवार, दुपारी 12:15

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्र शांत गेली, आवाज अजून घोगरा आहे. बूस्टर खरंच राहिला होता, मंगळवारच्या सत्राला नेते. सासूबाईंना आजींचा प्रश्न आणि डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं.

दोन प्रश्न राहिले. पुढच्या आठवड्यात गणपतीला मुंबईहून माणसं येतील, त्यात जावेची चार महिन्यांची मुलगी आहे. तिला धोका आहे का? आणि याला हे परत परत होईल का?

डॉ. किनारा | शनिवार, रात्री 8:20

विषाणू शिंका-खोकल्यातून आणि हातांनी पसरतो. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन दिवस, किंवा ताप जाईपर्यंत, लागण होण्याची शक्यता जास्त. पुढच्या आठवड्यापर्यंत तुमच्या मुलाकडून धोका फारसा उरणार नाही. पण गणपतीत पंधरा-वीस माणसं एका घरात, त्यात कोणीतरी सर्दीचं असणारच. बाळाला हातात घेण्याआधी साबणाने हात धुवा, सर्दी असलेल्याने पापा घेऊ नये, आरतीच्या वेळी धूप-कापराच्या धुरात बाळाला उभं करू नका. चार महिन्यांच्या मुलीला श्वासाचा असा आवाज आला तर मात्र सौम्य की कसं हे घरी ठरवायचं नाही. सहा महिन्यांखालच्या प्रत्येक बाळाला लगेच दाखवायचं, कारण त्या वयात वाट जन्मतः अरुंद असणं, तिथे रक्तवाहिन्यांची गाठ असणं अशी वेगळी कारणं असू शकतात.

परत होईल का? काही मुलांना प्रत्येक मोठ्या सर्दीत होतो, ताप नसताना रात्री अचानक सुरू होऊन सकाळी नाहीसा होणारा प्रकारही असतो. वय वाढेल तशी वाट रुंदावते आणि सहसा शाळेत जायच्या वयापर्यंत थांबतो. वर्षात बऱ्याच वेळा झाला, दोन आजारांच्या मध्येही श्वासाला आवाज राहिला, किंवा मूल जन्मल्यावर नळी घालून व्हेंटिलेटरवर होतं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावं. तुमच्या मुलाला आत्ता त्याची गरज दिसत नाही. मंगळवारी लस देताना त्याला ताप नसला, खेळत असला तर नुसत्या घोगऱ्या आवाजासाठी ती पुढे ढकलू नका, फक्त डेक्सामेथासोनचा डोस झालाय हे सिस्टरना सांगा.